गूफी म्हणजे नक्की काय हो? (आबा रुसलेत, मदत हवी)

गोदाकाठ
मंडळी, प्रश्न छोटासा आहे पण घरात पेटलाय म्हणून इथे आणतेय.

माझे आईवडील (वडिलांना सगळी दुनिया आबा म्हणते, मीही) सध्या भावाकडे न्यू जर्सीत, एडिसनला. आबा पंच्याहत्तरीचे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, कडक म्हणून ख्याती. तर गेल्या शनिवारी सकाळी भावाकडे आठ माणसांचे पोहे करायचे होते आणि कांदे चिरायचं काम आबांनी मागून घेतलं. तिकडचे कांदे हे एवढाले, दुसऱ्याच कांद्याला डोळ्यातून धारा. मग हे गेले बाथरूममध्ये आणि भाचीचा पोहायचा गॉगल घालून आले. गुलाबी. दोन्ही बाजूला मासे. पट्टा सात वर्षाच्या पोरीच्या मापाचा, त्यामुळे कान पुढे दुमडलेले, भुवया वर ओढलेल्या, आणि त्या थाटात अत्यंत गंभीरपणे कांदा चिरतायत. भाचीने बघितलं आणि जमिनीवर लोळून हसली, मग उठून कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "आबाऽ, यू आर सो गूफी!"

आबाही हसले तेव्हा. पण रात्री फोनवर अर्थ शोधला. आला – मूर्ख, बावळट. झालं. तेव्हापासून गप्प. भाऊ म्हणतो आबा अहो प्रेमाने म्हणाली ती, त्यावर उत्तर, "मूर्ख प्रेमाने कसं म्हणतात ते एकदा करून दाखव."

तर मला एक मराठी शब्द हवाय. एकच. परिच्छेदभर स्पष्टीकरण चालणार नाही, आबांना व्याख्या एका ओळीत लागते.

सव्वानऊची_लोकल
मला तर गूफी म्हटलं की महाभारतातला शकुनीच आठवतो. गुफी पेंटल. एक डोळा बारीक करून फासे चोळणारा माणूस आणि नाव गुफी, लहानपणी काही वाटलं नाही, आता विचार केला तर त्या अख्ख्या सिरियलीत सगळ्यात कमी गूफी पात्र तेच होतं.

बाकी कांदे चिरायला गॉगल ही आयडिया ढापण्यात आली आहे.

मिसळसम्राट
येडपट. विषय संपला.

नाहीतर येडचॅप, येडाबांगडू, चक्रम, नमुना, कार्टून. आमच्या ऑफिसात 'तो कार्टून आहे रे' म्हणतात ते तंतोतंत गूफी. आबांना सांगा तुम्ही कार्टून आहात.

गोदाकाठ
मिसळसम्राट, आबांना कार्टून म्हणून बघा तुम्हीच, मी नंबर देते.

खवचट_म्हातारा
ह्या धाग्याचं प्रयोजन कळलं नाही. डिक्शनरीत मूर्ख लिहिलंय म्हणजे मूर्ख. मुलं आजोबांना काय वाट्टेल ते बोलतात आणि आपण बसतो त्यात प्रेम शोधत. आमच्या वेळी असं बोललो असतो तर पाठीत धपाटा बसला असता आणि त्याचा अर्थ डिक्शनरीत बघावा लागत नसे.

अनुस्वार
खवचटकाका, डिक्शनरी अगदीच चूक नाहीये पण अर्धवट आहे. थोडं लांबतंय, चहा घेऊन बसा.

गूफी आला 'गूफ' पासून आणि गूफ हा बहुतेक इंग्लंडच्या खेड्यातल्या 'गॉफ' ह्या बोलीशब्दाचा अमेरिकन अवतार, तो आणखी मागे फ्रेंच 'गॉफ'कडे जातो, अर्थ अजागळ, ठोंब्या. म्हणजे जन्माने शिवीच. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी हा रुळला तेव्हाही त्यात हेटाळणी होतीच.

मग डिस्ने मध्ये पडला. १९३२ साली मिकी माऊसच्या एका कार्टूनमध्ये प्रेक्षकात बसलेला एक कुत्रा आला, शेंगदाणे खात मचमच आवाज करणारा आणि नको तिथे मोठ्याने हसणारा. काम एवढंच. पण ते हसू लोकांना आवडलं (पिंटो कोल्विग नावाच्या माणसाचा आवाज), पात्र परत परत यायला लागलं. आधी त्याचं नाव डिपी डॉग होतं, गूफी नंतर झालं. आता मजा अशी की १९३४ मध्ये आर्ट बॅबिट ह्या ॲनिमेटरने ह्या गूफचं स्वभावचित्र लिहून ठेवलं होतं, बाकीच्या चित्रकारांना उपयोग व्हावा म्हणून. त्याचा मथितार्थ असा की हा गडी कायमचा आशावादी, कोणावरही विश्वास टाकणारा, परोपकारी, डोक्याने अर्धवट, आणि स्वतः धडपडला तरी त्यावर पहिला स्वतःच हसणारा. कोणाचं वाईट चिंतणं त्याच्या रक्तातच नाही.

म्हणजे अमेरिकेतलं सात वर्षांचं पोर जेव्हा गूफी म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हा असतो, फ्रेंच ठोंब्या नसतो. अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांनी हा शब्द त्या कुत्र्याबरोबरच ऐकलाय. डिक्शनरीत मूळ अर्थ उरला आणि बोलण्यात कुत्रा.

गोदाकाठ
अनुस्वार, मस्तच माहिती, पण 'आबा, मूर्ख नाही हो, कुत्रा' हे मी फोनवर कसं सांगू 😭

लीड्सकर
सावधान, इंग्लंडमध्ये वेगळी भानगड आहे. इथे गूफी म्हणजे पुढचे दात पुढे आलेला. म्हणजे तो दुसरा अर्थ पण चालतो, पण 'गूफी टीथ' हा इथला पक्का वाक्प्रचार. आमच्या चिरंजिवांना शाळेत एकाने गूफी म्हटलं, मी अमेरिकन सिनेमे बघून वाढलेला, मी म्हटलं अरे छान आहे की, मजेशीर म्हणतोय तुला. पोरगं रडायला लागलं. दुसऱ्या दिवशी तार लावायला डेंटिस्टची अपॉइंटमेंट.

आबांचे दात कसे आहेत?

गोदाकाठ
कवळी आहे! आणि भाऊ म्हणतो त्या दिवशी ती घातलेलीच नव्हती, सकाळची वेळ. हे कृपया कोणी आबांपर्यंत पोचवू नका.

टोरांटोची_ताई
आमच्या कॅनडाचंही घाला यात. 'गूफी' चालतं इथे, पोरं सर्रास म्हणतात. पण 'गूफ', नुसतं गूफ, हे कोणा अनोळखी माणसाला म्हणू नका. इथल्या तुरुंगातली ती फार घाणेरडी शिवी आहे, तिथून रस्त्यावर आली, आणि त्यावरून खरोखर हाणामाऱ्या होतात. मी नवीन आले तेव्हा ऑफिसात एकाला लाडीकपणे 'यू गूफ' म्हणाले होते, समोरच्याचा चेहरा पडला, शेजारचीने मला कॉफीला नेऊन समजावलं. म्हणजे बघा, एक 'ई' लावला की लाड आणि काढला की मारामारी.

मिसळसम्राट
हे म्हणजे आपल्याकडच्या 'येड' वाल्या शिव्यांसारखंच झालं, पुढचं शेपूट काय लावता त्यावर सगळं. (शेपटं इथे लिहीत नाही, संपादक जागे आहेत.)

चाकावरची_आई
माझा मुलगा पुण्यात स्केटबोर्ड शिकायला जातो. पहिल्या दिवशी कोच म्हणाला, "मॅम, ये तो गूफी है." मला वाटलं ह्याला जमणार नाही म्हणतोय, चेहरा पाडून फी परत मिळेल का विचारणार होते. तर त्यांच्यात गूफी म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणारा, डावा पुढे ठेवला तर रेग्युलर, बास एवढंच. हुशारी-बावळटपणाशी काही संबंध नाही. टोनी हॉक, एवढा मोठा स्केटर, तोही गूफीच. ओळखायची पद्धत पण गंमतशीर आहे, पोराला नीट उभं करतात आणि बेसावध असताना मागून हलकेच ढकलतात, तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडेल तो पुढचा. आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःवर करून घेतली टेस्ट, दिवाण धरून. त्या रेग्युलर निघाल्या आणि थोड्या नाराजच झाल्या.

अनुस्वार
हो, ते सर्फिंगवरून आलंय. १९३७ च्या एका कार्टूनमध्ये गूफी हवाईच्या लाटांवर फळी घेऊन झगडतो, नाव त्यावरून पडलं असं सर्फर लोक सांगतात. पण ते कार्टून बघणारे म्हणतात त्यात तो दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवतो. म्हणजे तो गूफी असण्यातही गूफीच.

सव्वानऊची_लोकल
एक बेसिक शंका. गूफी आणि सिली यात फरक काय मग? आम्ही मराठी मीडियमवाले, आमच्याकडे एकच माहिती, सिली मिस्टेक.

मिसळसम्राट
सिली मिस्टेक हा आपल्या देशाचा राष्ट्रीय आजार आहे. पोराला गणितात बावीसच मार्क पडले तरी आई सांगणार, येतं हो त्याला सगळं, सिली मिस्टेक झाल्या. ५ चा वर्ग १० लिहिला – सिली मिस्टेक. प्रश्नच वाचला नाही – सिली मिस्टेक. 'येत नाही' ह्याला इंग्रजी शब्दच नाही वाटतं.

फरक मला वाटतो तो असा. सिली हे डोक्याचं काम, गूफी हे शरीराचं. प्रश्न सिली असतो, भांडण सिली असतं, भीती सिली असते. गूफी असतं ते हसू, चालणं, टोपी, नाच, लग्नातला मामाचा नाच तर नक्कीच. गूफी डोळ्यांनी दिसावं लागतं. आबा कांदा चिरताना मनात कितीही सिली विचार करत असते तरी पोरगी गूफी म्हणाली नसती. तो माशांचा गॉगल गूफी.

गोदाकाठ
'सिली मिस्टेक' वर आबांचं खास प्रेम आहे. पेपर तपासताना असं कोणी म्हणालं तर अजून एक मार्क कापायचे. म्हणायचे, चूक ही चूक असते, तिला लाडाचं नाव ठेवू नये. आता कळतंय हा माणूस का रुसलाय ते.

सव्वानऊची_लोकल
सिली पॉइंट राहिला की! एकनाथ सोलकर! बॅट्समनच्या नाकासमोर, हेल्मेट नाही काही नाही, आपला मुंबईकर.

खवचट_म्हातारा
सोलकर सिली पॉइंटला नाही, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा. सिली पॉइंट ऑफ साइडला असतो. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी निदान विचारून लिहावं.

१९७१, ओव्हल. इंग्लंडचा ॲलन नॉट खेळायला आला, आधीच्या डावात त्याने आपल्याला त्रास दिलेला. वेंकटराघवनचा बॉल, बॅटची कड लागून खाली जातोय, आणि सोलकर आडवा झेपावून जमिनीपासून वीतभर अंतरावर घेतो. आम्ही कॉमेंटरी ऐकत होतो, रेडिओला कान लावून, चाळीतल्या एकाच घरी रेडिओ, पंचवीस माणसं. नंतर फोटो बघितला, तो पूर्ण आडवा. २७ टेस्टमध्ये ५३ कॅच. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. त्याच्यासारखा तिथे परत कोणी उभा राहिला नाही.

आणि सिली म्हणतात ते याचसाठी, की इतक्या जवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा. पण त्या वेडेपणाला मूर्खपणा म्हणायची आमची हिंमत नाही. एवढं मान्य करतो.

लीड्सकर
काका! पोस्ट फ्रेममध्ये लावण्यासारखी आहे.

अनुस्वार
काकांनी नकळत फार नेमकं लिहिलं. कारण 'सिली' चा प्रवास ऐकलात तर आबा खूश होतील. जुन्या इंग्रजीत तो शब्द 'सेलिग' असा काहीसा होता आणि अर्थ होता सुखी, देवाचा आशीर्वाद असलेला. जर्मनमध्ये 'झेलिश' आजही त्याच अर्थाने आहे, धन्य, पुण्यवान. इंग्रजीत मात्र तो घसरत गेला. देवाचा लाडका म्हणजे निष्पाप, निष्पाप म्हणजे बिचारा, बिचारा म्हणजे दुबळा, दुबळा म्हणजे अक्कल नसलेला. काही शतकांत संताचा पार बावळट झाला. 'नाइस' बरोब्बर उलट गेला, लॅटिनमध्ये त्याचं मूळ अज्ञानी असं होतं, आधी मूर्खाला नाइस म्हणायचे, आता शेजाऱ्यांना म्हणतात.

आणि आपल्याकडे हे नाही असं समजू नका. संस्कृतातला 'मुह्' धातू घ्या, त्यातून मूढ आला आणि त्यातूनच मुग्ध. सख्खे भाऊ. एकाला आपण शिवी केली आणि दुसऱ्यावरून मुलींची नावं ठेवली.

पाटावरवंटा
भोळासांब! साक्षात शंकर, पण 'आमचे हे म्हणजे अगदी भोळासांब' हे वाक्य कौतुकाचं नसतं, रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतल्यावर येतं.

सव्वानऊची_लोकल
शंख! विष्णूच्या हातातला. "अगदीच शंख आहेस."

टोरांटोची_ताई
अवतार!! आंघोळ न करता पाहुण्यांसमोर आलं की आई, "हा काय अवतार?" दशावतार सोडून हा अकरावा.

अनुस्वार
वल्ली आणि अवलिया पण. वली म्हणजे अरबीत संत, देवाच्या जवळचा, आणि अवलिया हे त्याचं अनेकवचन. आपण मराठीत आणून एका माणसालाच अवलिया केलं आणि अर्थ लावला, हा काय करेल नेम नाही असा माणूस.

अरे हे तर भारीच निघालं, म्हणजे इंग्रजांनी एका सिलीचं जे केलं ते आपण अख्ख्या देवघराचं केलंय.

मिसळसम्राट
ऑफिसवाल्यांचं एक राहिलं. 'गूफ अप'. क्लायंटचा डेटा उडवला की मेलमध्ये 'स्मॉल गूफ अप ऑन अवर साइड'. मराठीत ह्याला माती खाणे म्हणतात. आणि 'गूफिंग ऑफ' म्हणजे टंगळमंगळ, 'गूफिंग अराउंड' म्हणजे माकडचाळे. हे तिन्ही मी सध्या ऑफिस टायममध्ये करतोय.

तांबडापांढरा
उशिरा आलो, कोल्हापुरातनं. तुम्ही सगळे शब्द शोधत बसलाय पण मराठीत ही गोष्ट शब्दात नाहीच, लिंगात आहे. थांबा, नीट सांगतो.

आमच्यात कोणाला 'खुळा हाईस काय' म्हटलं तर ते भांडण. पण 'खुळं हाय ते' म्हटलं की झाली माया. शब्द तोच, फक्त पुल्लिंगाचं नपुंसकलिंग केलं. तुमच्या पुणेरीत बघा, 'तो वेडा आहे' म्हणजे येरवड्याला न्यायला पाहिजे आणि 'वेडं आहे गं ते' म्हणजे जाऊ दे, आपलंच आहे. येडा–येडं. बावळा–बावळं. बिचारा–बिचारं. माणूस 'तो' चा 'ते' झाला की तो लहान बाळ होतो, कारण बाळ 'ते' असतं, वासरू 'ते', पिल्लू 'ते'. मग त्याने काही केलं तरी रागवायचं काय त्याच्यावर. माझी आजी माझ्या आजोबांना, सहा फुटी पैलवान माणूस, तालमीत दबदबा, मागनं म्हणायची, "आलं बघ खुळं." आजोबांना ऐकू जायचं. मिशीतल्या मिशीत हसायचे.

इंग्रजीत ही सोय नाही, 'इट' म्हटलं तर अपमान होतो, म्हणून त्यांना गूफी बनवावं लागलं. ताई, तुमच्या भाचीला मराठी येत असतं तर ती म्हणाली असती, "आबा किती खुळं आहे!" आणि आबा रुसले नसते.

लीड्सकर
_/\_ धागा इथे बंद केला तरी चालेल.

खवचट_म्हातारा
हे पटलं. आमच्या मातोश्री मला साठीपर्यंत 'कार्टं' म्हणायच्या.

पाटावरवंटा
तांबडापांढरा यांनी रस्ता दाखवलाच आहे तर त्याच रस्त्यावरचा माझा शब्द घ्या. ध्यान. नपुंसकलिंग आहे, देवघरातलं आहे, आणि गूफीसारखं डोळ्यांना दिसावं लागतं. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' मधलं ध्यान. तुकोबांनी विठ्ठलाला म्हटलं, आणि आपण म्हणतो कोणाला, तर स्वेटर उलटा घालून, एका पायात मोजा, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला. "काय ध्यान दिसतंय!" आता मिटा डोळे आणि गुलाबी गॉगलातले आबा आणा समोर. दुसरा कुठला शब्द सुचतो का सांगा.

चाकावरची_आई
ध्यान भारी आहे पण मला जरा धोका वाटतो. आमच्याकडे बघायच्या कार्यक्रमाहून परत येताना टॅक्सीत मावशी म्हणायची, "शी, काय ध्यान होतं ते." तो नकारच असायचा. एवढा गोड शब्द नाहीये तो.

पाटावरवंटा
बरोबर, पण तिथे 'ते ध्यान' आहे ना. त्या मुलाचं लग्न होऊ दे, बायको म्हणेल 'आमचं ध्यान'. 'ते ध्यान' म्हणजे लोकांचं, ठेवा तुमच्याकडे. 'आमचं ध्यान' म्हणजे घरचं, कसंही असलं तरी संध्याकाळी आमच्याकडेच येणार. नुसतं ध्यान कधीच म्हणायचं नाही, कोणाचं ते सांगायचं.

गोदाकाठ
लॉक. 'आमचं ध्यान'. आज रात्री (त्यांची सकाळ) फोन करते, उद्या कळवते.

मिसळसम्राट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठ
अपडेट!

व्हिडिओ कॉल केला. आधी आबा नुसतेच बसले, हं हं करत. मी सगळी प्रस्तावना केली, सिली म्हणजे मुळात पुण्यवान वगैरे, ते ऐकून घेतलं, त्यावर फक्त म्हणाले, "सिद्ध कर." मग दात वगैरे गाळून थेट मुद्द्यावर आले. म्हटलं आबा, गूफीला मराठीत म्हणतात ध्यान. आमचं ध्यान. ती तुम्हाला मूर्ख म्हणाली नाही, ती म्हणाली काय ध्यान आहे आमचं.

दोन सेकंद काही नाही. तेवढ्यात मागून ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईचा आवाज, "अगं हे मी शेहेचाळीस वर्षं म्हणतेय, तेव्हा नाही रुसले ते!"

आबा तिच्याकडे वळून, "तू शुद्ध मराठीत म्हणायचीस. मला अर्थ माहीत होता."

मग भाचीला हाक मारली. तिला समोर उभं करून म्हणाले, से, ध्या–न. ती म्हणे, द्यान. द्यान नाही, ध्यान, ध. शिकवणी वीस मिनिटं चालली, मला फोनवर ताटकळत ठेवून. आता ती आबांना 'द्यान' म्हणून हाक मारते आणि आबा ओ देतात. उच्चाराचा अर्धा मार्क कापलाय तिचा, सिली मिस्टेक मान्य केलेली नाही.

सगळ्यांचे खूप आभार, तांबडापांढरा आणि पाटावरवंटा यांना एडिसनहून स्पेशल नमस्कार आलाय. खवचट काका, आबा म्हणाले सोलकरचा तो कॅच त्यांनीही रेडिओवर ऐकलाय, नाशिकला, पानाच्या दुकानात.

खवचट_म्हातारा
माझाही नमस्कार सांगा. दात लावून मग गॉगल घाला म्हणावं.

सव्वानऊची_लोकल
गॉगलचं काय झालं पण? मी काल पोराचा घालून बघितला, दोन कांद्यांनंतर आतून वाफ धरते, काही दिसत नाही, बोट वाचलं थोडक्यात.

गोदाकाठ
वहिनीने आबांना मोठ्या मापाचा आणून दिला, काळा, साधा. दोन दिवस वापरला, आता परत माशांचाच घालतात. वाफेसाठी आई म्हणते आतून साबणाचं बोट फिरवून कोरडं पुसून घ्या, चष्म्याला करतात तसं.

सव्वानऊची_लोकल
साबण अंगाचा की भांड्याचा?